केटीबाईंची केळ आणि झेंड्याचे खांब

आपल्या बागवसाहतीचे अध्यक्ष प्रेबेन, आजच्या सत्कारमूर्ती केटीबाई, कार्यकारिणीतली वडीलधारी मंडळी, आणि कॉफी थंड होऊ देऊन माझ्याकडे बघणारे सगळे शेजारी,

मी माल्टे. नववीनंतर शाळा सोडली, तिकडे नॉर्वेत मासे कापतो, त्यामुळे भाषणाचा सराव नाही. पण उद्यापासून केटीबाईंची बाग माझ्या नावावर होतेय, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

बाईंचे गुडघे थकले, त्या लेकीजवळ राहायला निघाल्या. मागे राहते त्यांची केळ. अध्यक्षांनी मला सकाळीच बजावलं, वसाहतीच्या नियमाप्रमाणे बाग हातात घेताना ती उपटून टाकायची. कुंपणाहून उंच आहे, परकी आहे आणि फळ देत नाही.

फळ देत नाही? मंडळी, आपल्या प्रत्येक बागेत झेंड्याचा खांब आहे. त्याला फळ धरलेलं कुणी पाहिलंय?

पहिल्या हिवाळ्यात बाईंनी तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. आत घाम धरला, बुंध्याचा लगदा झाला. मेली, काढा आता, असं अध्यक्ष तेव्हाही म्हणाले होते. बाईंनी बुंधा जमिनीलगत कापला आणि शेजारी खुर्ची टाकून विणत बसल्या. जूनमध्ये कोंब वर आला. तेव्हापासून दर वर्षी त्या पानं छाटतात, भोवती जाळी उभारतात, आत पेंढा आणि सुका पाला ठासतात, वर झाकण घालतात. एकदा ओवेकाकांनी कुंपणावरून विचारलं, "केटी, आत कुणाला लपवलंयस?"

"दुसऱ्या नवऱ्याला. पहिला गारठून गेला."

ओवेकाका, आज हसताय, पण तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता सांगा, तो पाला यायचा कुठून? बाईंच्या बागेत दुसरं झाड नाही. त्या हातगाडी घेऊन तुमच्या दारात यायच्या आणि तुम्ही पोती भरून द्यायचात. अध्यक्ष महाराज, सगळ्यात जास्त पाला तुमच्या सफरचंदाचा. इतकी वर्षं जिला उपटा म्हणताय, तिला पांघरूण तुमचंच आहे.

काल मी बाईंना विचारलं, नियमच आहे तर काय करू? त्या विणणं न थांबवता म्हणाल्या, "उपटायची तर उपट. पण मग मला फोन करू नकोस. कधीच."

तर मी उपटणार नाही. नियम मोठा वाटत असेल तर बाग काढून घ्या, केळीसकट. सोमवारी माझी नॉर्वेला परतायची बोट आहे, आणि थंडी काही माझ्यासाठी थांबायची नाही. म्हणून उद्या सकाळी मी जाळी उभारतोय. ज्यांच्याकडे पाला आहे त्यांनी घेऊन यावा. ओला नको.

केटीबाई, तुमचे आभार, आणि केक करणाऱ्या माझ्या आईचेही. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर अडाणी समजून पदरात घ्या. केळीबद्दल बोललो त्याची मात्र माफी मागत नाही. अध्यक्ष, तुमच्या पोत्यांसाठी हातगाडी मीच घेऊन येतो.