सुलूचं सुतक

— नाय वैनी, मी देवांना हात नाय लावणार. मगाशीच सांगितलं ना, प्रणवदादाला आत्याचे देव ठाण्याला न्यायचे तर तुमी भरा पिशवीत. नि रागावू नका. फुलं वाळलीत, अन्नपूर्णा काळवंडलीय, समईत तेलाचा थेंब नाय — दिसतंय मला, मी काय आंधळी हाय? बाई गेली त्या सकाळची पूजा ती शेवटची, मग तेराव्यापर्यंत देव तसेच. तुमचं म्हणणं काय — घरच्यांना सुतक, त्यांनी पूजा करायची नसते, मग बाहेरच्यानं करायची, नि सुलू होती की घरात! बरोबर हाय. शेजारचा आत्मारामपण हेच म्हणाला, अगं सुलू, तुला कुठलं सुतक, तू कर. मी मागं विहिरीवर जाऊन बसले.

कारण मी सुतक पाळलं, वैनी. — हसताय? हसा. जमिनीवर निजले, डोक्याला तेल लावलं नाय, तारापूरच्या देवळावरनं गेले तरी बाहेरनंपण हात जोडले नाय. आमच्या पाड्यावरची मेलेल्याची रीत वेगळी, पण ती मला धड येत कुठं? मी एवढीशी होते, बाईनं मनोरच्या पलीकडनं आणलं मला, शाळेत घातलं, आठवीत मीच सोडली — बाईनं आठवडाभर अबोला धरलेला! मला बाईचीच रीत येते. दुसरी आणू कुठनं?

परवा शोकसभेत बोलले सगळे, बाई अशी नि बाई तशी. खरंच होती. बोईसरला कारखान्यातल्या कुणी बायकोला मारलं की ती बया आमच्या दारात, बिहारची असू दे नाय तर बीडची. बाई आधी तिला जेवायला घालायची, मग नवऱ्याला बोलावणं. नि तो पिऊन आला तर म्हणायची, ‘आधी आंघोळ करून ये, माझ्या देवासमोर उभं राहून बोलायचंय तुला.’ नि यायचे हो वैनी! हे असले दांडगे गडी ओल्या केसांनी यायचे, दारात उभे राहायचे मान खाली घालून. बाई नोकरीतनं रिटायर झाली तरी येतच होते. पाड्यावर गेली की कुणाच्याही चुलीपाशी बसून नाचणीची भाकर खायची, कुणाच्या हातचं तिला कधी अडलं नाय. फक्त देवघरात मी जात नव्हते. — तसं नाय, ‘जाऊ नको’ म्हणाली नाय ती कधी, खोटं कशाला बोलू? मी फुलं काढायची, उंबऱ्याशी ठेवायची, ती आत न्यायची. लहानपणापासनं तसंच, मला वाटायचं फुलांची जागाच ती.

मग तिचे हात कापायला लागले. एक दिवस बाळकृष्ण सुटला हातातनं, घरंगळत आला तो उंबऱ्याबाहेर, माझ्या पायाशी. मी बघते बाईकडं, बाई बघते माझ्याकडं. मग म्हणाली, ‘उचल, सुलू.’ तेव्हापासनं ती पाटावर बसून मंत्र म्हणायची नि हात माझे. आंघोळ घालायची मी, गंध लावायचं मी. चुकलं की ओरडायची — अगं, देवीला आधी! — पण खूश असायची, मला कळायचं ना. फक्त म्हणाली, ‘प्रणवला नि त्याच्या बायकोला सांगू नकोस हं.’

…हे तुमाला सांगायचं नव्हतं. गेलं तोंडातनं. देव धुऊन घ्या पाहिजे तर घरी नेल्यावर.

पण का म्हणाली तसं? सांगा ना, तुमी शिकलेल्या. दारुड्याला भ्याली नाय, पोलिसाला भ्याली नाय, नि भावाच्या पोराला भ्याली? का तिलाच आतनं लाज वाटायची — माझी? निजले की हेच येतं डोक्यात. विचारायचं होतं तिला, धीर झाला नाय, भलतंच उत्तर आलं तर जगू कशी? लोकांना सांगायची, ‘सुलू आमच्याकडे असते.’ मुलगी म्हणाली नाय, कामवालीपण म्हणाली नाय. असते! नि ती गेल्यावर सगळे म्हणतात, पूजा कर, तुला सुतक नाय. केली असती वैनी, पाणी घालायला किती वेळ लागतो? पण घंटा वाजवली असती नि माझ्याच हातानं मी बाहेरची झाले असते. म्हटलं, देव राहू देत पारोसे, त्यांना काय, ते देव हायत. बाईच्या मागं पोटच्यासारखं कुणीतरी बसायला नको?

— काय? आता तर सगळं झालं, आता कसली अडचण? तुमचं झालं, वैनी. तुमच्या माहेरचे आले, दुखवट्याची साडी नेसवली, डोक्याला तेल लावलं, गोड घास भरवला, म्हणाले ऊठ, फिटलं आता. ते आपलं आपण नसतं म्हणायचं, दुसऱ्यानं म्हणावं लागतं. मला कोण म्हणालं?

नाय… नाय, आता नका म्हणू. मी सांगितल्यावर नको. हात सोडा माझा. त्या बाळकृष्णाला मऊ फडक्यात गुंडाळा नि निघा, उन्हं चढायच्या आत.