पुरावा क्रमांक तीनशे बारा

हॅलो? … हॅलो, चिमे? … अगं तडकलं! तडकलं! … काय काय? अंडं! … नाही गं, रडत नाहीये, गॅलरीतून धावत आले म्हणून धाप लागलीय. … हो, घरच्याच फोनवरून बोलतेय. मोबाइल? त्याचंच तर रडगाणं आहे, सांगते ना!

आधी बाबांना सांग. होल्याचं अंडं तडकलं म्हणावं. … काय म्हणाले? … डावीकडचं. सांग, डावीकडचं. बारीकसं भोक पडलंय आणि आतून चोच ठोकतेय. … दिसतं कसं म्हणजे? तुझ्या बाबांनी बसचा जुना आरसा नाही का बांधून ठेवलाय पाइपाला? त्यातून सगळं घरटं दिसतं, इथून फोनजवळूनसुद्धा. चार काड्यांचं तर घर, दोन अंडी, आणि वर नरोबा बसलेत. दिवसपाळी त्यांची, रात्रपाळी बाईची. बाबांनीच शोधून काढलंय ते.

बरं, किती वाजले? … अकरा दहा. आणि बाबांना ऑपरेशनला आत कधी नेणार? … साडेअकरा?! बारा म्हणाले होते ना? … अगं मग वीसच मिनिटं उरली! … असू दे काय? मी शब्द दिलाय त्यांना. पिल्लू बघितल्याशिवाय तुम्हाला आत जाऊ देणार नाही म्हणून. … चिमे, हसू नकोस. काल संध्याकाळी माझा हात सोडत नव्हते. जन्मभर बसची इंजिनं उघडली, पण आपल्याला कोणी उघडणार म्हटल्यावर पार घाबरून गेलेत. तुझ्यासमोर दाखवत नाहीत एवढंच.

व्हिडिओ कॉल? … केला होता ना सकाळी! माझं तोंड उघडं राहिलं ते तसंच पडद्यावर अडकलं. बाबा विचारत बसले, ‘जांभई देतेस की ओरडतेस?’ … हो, आता नुसता व्हिडिओ काढून त्यांच्या मोबाइलवर पाठवायचा. पण कॅमेरा उघडला की म्हणतो जागा नाही. तीन सेकंद चालतो आणि मान टाकतो. … बंद करून चालू? केला, दोनदा! चालू व्हायला चार मिनिटं लागतात त्याला, तेवढ्यात होला दुसरी अंडी घालेल.

हो… हो… सेटिंग. उघडतंय… उघडतंय… उघडलं! स्टोरेज. चौसष्टपैकी… त्रेसष्ट पॉइंट आठ. … अगं बाई, एवढं काय भरलंय? ट्रंकेत पण मी चार बोटं जागा ठेवते.

कोणती ॲप काढू? … वाचते. विजेरी. अजून एक विजेरी. मोठी विजेरी. … मला काय माहीत, आपोआप येतात! काढली. तिन्ही काढली. कॅरम… नाही गं, कॅरम बाबांचं आहे, ते राहू दे. ‘फोन साफ करा’ म्हणून एक आहे. … ते काढू? अगं तेच तर साफ करतं! … थांब. दोनशे एमबी?! साफ करणाराच दोनशे एमबी खाऊन बसलाय! कुंपणच शेत खातंय की. निघ बाबा, निघ.

कॅशे? ते काय? … उरलंसुरलं. म्हणजे खरकटं. पुसते. … पुसलं. … कॅमेरा उघडते हं. … चाललाय… चाललाय… अडकला! मेल्या! … नाही, तुला नाही.

भोक मोठं झालंय चिमे! अर्धी चोच बाहेर आलीय! नर उठून बघतो, परत बसतो. बाबांसारखाच. काही करत नाही, नुसता बघतो. … सांगू नकोस हं त्यांना हे.

बोल. … फोटोंत जाऊ? सगळ्यात मोठं काय ते बघू? … बघते. पहिला फोल्डर… अं… … अगं काही नाही, आहे एक. … एकवीस जीबी. … व्हिडिओ आहेत. … तीनशे बारा. … नाव? नाव कशाला हवंय तुला? … ‘धबधबा’.

… कुठे गेले नव्हते गं धबधबा बघायला! वरचे मास्तर. ते ड्रॉइंगचे निवृत्त. दोन वर्षं झाली, त्यांच्या कुंड्यांचं पाणी आपल्या गॅलरीत गळतंय. प्रत्येक वेळचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. क्रमांक, तारीख, वेळ, कितव्या कुंडीतून, सगळं बोलून ठेवलंय. … वेडी नाहीये मी. पस्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. कागद फाडायचा म्हटलं की माझा हात लुळा पडतो. … नाही. ते नाही काढणार. रविवारी बिल्डिंगची मीटिंग आहे, सगळ्यांसमोर दाखवणार आहे. भिंतीवर दाखवायची सोयसुद्धा झालीय.

… काय बोलतेस तू! त्यांच्यामुळेच पडले ना तुझे बाबा! घरट्यावर पाणी पडू नये म्हणून प्लास्टिक बांधायला स्टुलावर चढले, खाली फरशी ओली, आणि… … हो, माहितीये ऑपरेशन त्याचंच आहे. मला नको शिकवूस.

… असं नको विचारूस, चिमे. … मास्तर की बाबा असं विचारतात का कोणी आईला?

… किती वाजले? … चौदा मिनिटं.

… बरं. बरं बाई. पण शेवटचा ठेवते. तीनशे बारावा. तो पडले त्या दिवशीचा आहे, सगळ्यात भक्कम. बाकीचे काढते. … सगळे निवडले. दाबू? … दाबलं. … गोल गोल फिरतंय. … गेले! दोन वर्षं गेली चिमे, आणि आवाजसुद्धा झाला नाही.

… कचरापेटीत? तीस दिवस राहतात? म्हणजे रविवारी परत काढता येतील? … अगं मग हे आधी सांगायचंस ना! एवढा वेळ जीव खालीवर करून घेतला. … कॅमेरा. हो. … ‘जागा नाही.’ … अजून जागा नाही म्हणतोय! एकवीस जीबी कुठे गेले मग?

… कचरापेटीतच? … रिकामी करू? म्हणजे कायमचे? … थांब जरा. हे म्हणजे जाळण्यासारखंच झालं. … थांब म्हणते ना! आधी तो तीनशे बारावा नीट राहिलाय का बघू दे. एवढा एक तर हाताशी हवा. … पूर्ण नाही बघत, नुसता उघडते.

हं, आहे. फरशी… पाणी… माझा आवाज. ‘क्रमांक तीनशे बारा, सोमवार, सकाळी आठ चाळीस, कुंडी तिसरी…’

…

… आहे गं. आहे लाइनवर.

… मागे बाबा कण्हतायत. ऐकू येतंय तुला? … मी इकडे फरशी दाखवतेय आणि ते मागे पडलेत. ‘आधी घरटं बघ गं’ म्हणतायत. दोनदा म्हणतायत. आणि मी तिसऱ्या कुंडीपासून फरशीपर्यंत धार दाखवतेय. … नाही, तू नको समजूत काढूस. लाज वाटतेय मला. वाटू दे.

थांब. कोणाचे तरी पाय आले. … एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. पायजम्यावर रंगाचे डाग… मास्तर! ‘वहिनी, तो फोन ठेवा आणि खांद्याला धरा.’ … संपलं इथे. मी फोन ठेवला म्हणून संपलं.

चिमे, मी सगळ्यांना सांगत फिरले की मी एकटीने उचललं बाबांना. तुलाही तेच सांगितलं. … खोटं नाही गं, खरंच मला तसंच आठवत होतं. कोणी एकटीने उचलेल का त्या माणसाला? पंच्याऐंशी किलो!

… आणि हा शेवटचाच आहे. सोमवारनंतर एकही नाही. … वेळ नव्हता असं नाही, रोज सकाळी दहापर्यंत घरीच असते मी. पाणीच पडलं नाही. कसं नाही पडलं? … थांब, गॅलरीपर्यंत फोनची वायर पुरते का बघते… पुरतेय. वर बघते.

… ताटल्या आहेत. … अगं प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवलीय. गजांमधून दिसतायत. एक तर जेवायची थाळी आहे! म्हणजे जेवतात कशात?

… हो. हो, करते. कायमचे काढू का, विचारतोय. … हो बाबा, हो! … गेले. तीनशे अकरा. … नाही, तो एक ठेवला. … ठेवू दे मला. पुरावाच आहे तो. कशाचा ते नंतर सांगते.

कॅमेरा! … चालतोय! अगं कसा सपासप उघडतोय, नवा असल्यासारखा! सांग बाबांना, यंत्र चालू झालं! … काय म्हणाले? … ‘तेल घातलं का’ म्हणे! हसले? … हसले ना? बास.

आता काढते. … आरशातून काढतेय… पिल्लाऐवजी माझं नाकच येतंय. मधोमध. … स्टुलावर? छे, स्टुलावर चढणार नाही अशी शपथ घातलीय बाबांनी. आणि माझे गुडघे… … शेजारी कुलूप आहे, गावाला गेलेत ते. … नऊ मिनिटं? … स्ट्रेचर आलं?! अगं थांबव त्यांना! पाणी प्यायला पाठव, काहीही कर!

… चिमे, फोन धरून ठेव. मी हाक मारते. … कोणाला म्हणजे? उंच कोण आहे इथे?

मास्तर! ओ मास्तर! … अहो इकडे, खाली! … नाही हो, तक्रार नाही! शप्पथ, तक्रार नाही! … पिल्लू येतंय! ह्यांना दाखवायचंय, आत नेतायत त्यांना! … या, या, दार उघडंच आहे!

… चिमे, आले गं. जिना उतरतायत, वाजतोय. … या मास्तर. चप्पल राहू दे. हा मोबाइल. हे गोल दाबायचं, लाल झालं की चालू. मी स्टूल धरते. … धरलंय घट्ट! फरशी कोरडी आहे, बघून चढा. … हो, तुमच्यामुळेच कोरडी आहे, दिसल्या मला ताटल्या. … नंतर बोलू, मास्तर, नंतर, आधी घरट्याकडे बघा!

चिमे, आरशात दिसतंय मला. नर बाजूला सरकलाय. … डोकं! डोकं आलं! ओलं, पिवळे पिवळे केस… अगं किती कुरूप आहे गं! तू अगदी अशीच होतीस! … पंखाने ढकलतंय… टरफल सुटलं! मास्तर, आलं का त्यात? … आलं! आलं म्हणतायत! … मी नाही रडत, मास्तर रडतायत.

द्या इकडे. पाठवते. बाबांचं नाव… हं. … वीस टक्के. … स्ट्रेचरवर घेतलं? त्यांना म्हण दोन मिनिटं. … पन्नास. … चिमे, पाया पड त्या स्ट्रेचरवाल्याच्या. … ऐंशी… गेला! वाजला का त्यांचा मोबाइल? … वाजला? धर त्यांच्यासमोर, जवळ धर, चष्मा घाल त्यांना!

…

… बघतायत? … बोल ना काहीतरी. … परत लावायला सांगितला? लाव, लाव. … वॉर्डबॉय पण बघतोय? बघू दे.

… काय म्हणाले? … ‘हात कसा हलला नाही तुझा?’ … सांग त्यांना, मी नाही काढला. वरच्या मास्तरांनी काढला. ड्रॉइंगचा हात आहे तो. … आता काय म्हणतायत? … दुसऱ्या अंड्याचा पण काढून ठेव… आत जाऊन आल्यावर बघतो…

… आल्यावर बघतो म्हणाले?

… हो. काढते म्हणावं. काढूनच ठेवते. तुम्ही या तेवढे. … निघाले? … बरोबर चाल त्यांच्या. हात धर. दारापर्यंत धर. मग परत बोल माझ्याशी.

…

… गेले आत? … घाबरलेले होते? … मोबाइल देत नव्हते? वॉर्डबॉयला आरशाची गोष्ट सांगत गेले? … मग ठीक आहे. मग ठीक होईल सगळं.

काय मास्तर? … दुसऱ्याला पण भोक? अगं चिमे, उजवीकडचं पण तडकलं! एवढ्यात! … मोबाइल… अगं, ह्याच्या पडद्यावर चक्र फिरतंय. एक व्हिडिओ पाठवला तर बसला धापा टाकत. … मास्तर, तुमचा काढा ना! … चालतो ना? … भरलाय? तुमचा कशाने भरला? चित्रांनी? … मग? बोला की, लाजताय काय? … कोणाचे व्हिडिओ? माझे?!

चिमे, ऐकलंस का? माझे व्हिडिओ आहेत ह्यांच्याकडे! मी काठीने छत ठोकते आणि गॅलरीतून ओरडते त्याचे! रविवारच्या मीटिंगसाठी! … किती आहेत, मास्तर? … चारशे?! … अहो, मी एवढी ओरडते?

… हसून घे तू. ठेवते आता. बसा मास्तर, पंख्याखाली बसा, करते मी तुमचा रिकामा, येतं मला आता. आधी सगळ्यात मोठा फोल्डर बघायचा… हा, हाच, ‘तोफखाना’. … ठेवते गं चिमे, बाबा बाहेर आले की लगेच कळव. … निवडले सगळे? दाबा. … आणि लगेच हुरळू नका, मास्तर, अजून कचरापेटी रिकामी करायचीय.