सरासरीचा भाग छापत नाही

जामसांवलीच्या मारुतीचा नारळ. एक मिटलेली छत्री. कॉम्प्युटरच्या छापील कागदांची घडी. सन १९८७, सौंसरचं बसस्टँड.

"इंदूताई, आज कॉलेजच्या परीक्षेत हा प्रोग्राम चालला नाही तर मी नापास."

"काय अडून राहिलं, गुणवंता?"

"माझा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामचा प्रत्येक भाग शोधून त्यात 'मी चाललो' असं छापणारी ओळ घालते. पण सरासरीच्या भागाले चुकून सोडून देते."

"तो भाग कुठं आहे?"

"निकालाच्या भागाच्या पोटात."

"म्हणून आत सरकवून लिहिला?"

"हो. सरांले नीटनेटकं लागते."

"अन् तुझा प्रोग्राम भागाचं नाव कुठं शोधते?"

"ओळीच्या अगदी सुरुवातीले... अरे बापा."

"बापाले काहून बोलावतं? नावाआधीची मोकळी जागा सोडून पाहाले सांग त्याले."

"एवढंच?"

"एवढंच. आता चहा पाज."

मागच्या वर्षी याच परीक्षेत इंदू नापास झाली होती.