गाडी दम का खाते

हॅलो?… हॅलो, कोण, आई?… थांब, थांब, इथे वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू आहे, बाहेर येते… हं, बोल आता… अगं, रडतेयस का?… बरं, नाही रडत. मग आवाज असा का?

कुठे आहात?… टेकडीच्या पायथ्याशी? पंपावर? अजून वर दवाखान्यात नाही पोचलात?… म्हणजे दवाखान्याच्या बागेची रोपं ट्रेलरमध्येच?… अगं, मग आधी पाणी मार त्यांच्यावर, ऊन केवढं आहे…

चढत नाही म्हणजे?… दोनदा अर्ध्यातून मागे आलात?… जीवच नाही तिच्यात? आई, डिझेल पिकअप आहे ती, टेकडीच ओढून आणेल खाली… बाबांना दे… अगं, दे तर खरं.

हं, बाबा, मीच… हो, हो… ऐका ना… विकायची कशाला?… 'आमचं संपलं' काय? काहीही काय बोलता! ऑपरेशन गुडघ्याचं झालंय, ड्रायव्हिंगचं नाही… हो, माहितीये, आमच्या वर्कशॉपच्या मालकांकडे गिऱ्हाईक आहे. मघाशीच विचारत होते मला. पण आधी…

कोण लॅपटॉपवाला?… पंपाशेजारचा? काय म्हणतोय?… टॉर्क मॅनेजमेंट काढून टाकतो?… नाही, नाही, नाही! बाबा, अजिबात नाही! वायर जोडलीय का?… जोडू दे, नुसतं बघू दे. काढायचं काही नाही.

टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर हो… हो, कंपनीने तो आवरून धरलाय हे खरंय. पण उगाच नाही धरलेला… सांगते ना. ऐकणार का?… गिअर बदलताना गाडी क्षणभर दम खाते, असं तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणताय. मग मला सांगा, जुन्या ट्रकवर गिअर बदलताना तुमचा उजवा पाय काय करायचा?… हं, उचलायचात. का उचलायचात?… बरोबर, गिअरबॉक्सची वाट लागू नये म्हणून. मला शिकवताना किती ओरडायचात, 'पाय उचल, पाय उचल!' … मग ही ऑटोमॅटिकसुद्धा तेच करते! कॉम्प्युटर इंजिनाला सांगतो, जरा दम खा, आत गिअर बदलतोय. बदलला की पुन्हा मोकळं सोडतो.

आत क्लचच्या प्लेटा असतात, बाबा. एक संच सुटतो, दुसरा धरतो. जड कपाट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात देताना कसं, आपण म्हणतो ना, 'जरा सावकाश'?… आणि डिझेलचा जोर तर इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच अंगावर येतो. ऐन धरताना तो सगळा सोडला की प्लेटा घसरतात, जळतात. माझ्या टेबलावर आत्ता पडल्यात तशा, पार कोळसा. तीही गाडी कुणीतरी अशीच मोकळी करून दिली होती… हं. पटलं?

…बरोबर आहे तुमचं. क्षणभर दम खाणं वेगळं आणि सगळा चढ मरगळून राहणं वेगळं. त्या दादांना विचारा, बिघाडाचा कोड दाखवतोय का?… एकही नाही?… म्हणजे इंजिन धडधाकट आहे, तरी कुणीतरी त्याला सांगतंय, जोर करू नको…

काय गं आई? मागून काय म्हणतेयस?… जळका वास येत होता? कधी?… चढावर? कुठून?… चाकांपाशी?… थांबा. थांबा, थांबा. बाबा, चढावर तुमचा डावा पाय कुठे असतो?… 'जागेवर' म्हणजे कुठल्या जागेवर?… बाबा, त्या गाडीत क्लचचं पेडलच नाहीये… हो, तुम्हाला माहितीये हो. पायाला माहितीये का?

रागावू नका. एक करा. त्या दादांना गाडीच्या मागे, जरा बाजूला उभं करा. गिअर पार्किंगवरच ठेवा आणि नेहमीसारखे बसा, चढाला निघाल्यासारखे… आई, काय म्हणतोय तो?… लागले? ब्रेकचे लाल दिवे?… आणि बाबा म्हणतायत, ब्रेक दाबलेलाच नाही!… हसतोय? हसू दे त्याला.

अहो बाबा, आयुष्यभर डावा पाय क्लचवर टेकवून गाडी चालवलीत. आता तिथे ब्रेकचं हे एवढं रुंद पेडल आहे. पाय टेकतो, कॉम्प्युटरला ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दिसतात. त्याला वाटतं, या माणसाला थांबायचंय. मग जोर काढून घेतो. तेही टॉर्क मॅनेजमेंटच… म्हातारपण कसलं? म्हातारपण असतं तर पाय विसरला असता. तुमचा पाय काहीच विसरत नाही, तीच तर भानगड आहे!

…हसलात ना? हं. पंपावर किती वेळ उभे आहात?… मग ब्रेक निवले असतील. चाकाजवळ नुसता हात धरून बघा, टेकवू नका… नाही ना गरम? मग बसा. ब्रेक लावायचा तोही उजव्या पायानेच. डावा मागे ओढून घ्या, सीटला टेकवून… राहत नाही? आपोआप पुढे येतो?… आई, तू शेजारी बस आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेव… हो, ऑपरेशनच्याच. हळूच. पाय पुढे निघाला की दाब… अगं लाजतेस काय, तिथे कोण बघतंय!… बघू दे लॅपटॉपवाल्याला! फोन ठेव समोर, स्पीकरवर.

निघालात?… हं… येतोय आवाज… बदलला! ऐकलंत, बाबा? दम खाल्ला आणि धरलं… वळण आलं का, आई?… मघाशी इथूनच मागे आला होतात?… हॅलो?… बोला ना कुणीतरी… अगं, पाय तरी जागेवर आहे ना?… हॅलो?…

गेटपाशी? वर? दवाखान्याच्या गेटपाशी?… अगं आई गं! बाबा, किती बरं वाटलं म्हणून सांगू… नाही, रडत नाहीये मी. धूळ आहे इथे… काय?… गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही?… अहो, फोन तुम्हीच… हो. हो, बाबा. चुकलं… पुढच्या खेपेला काय?… कुठली पुढची खेप? उद्या? आणि मला न विचार… हॅलो? हॅलो?

ठेवला.

मालक! ओ मालक! जरा ग्राइंडर बंद करा… त्या गिऱ्हाइकाला कळवून टाका. आमची गाडी विकायची नाही.