जळकोटच्या काकूंची गाडी

जळकोटच्या काकूंचं तुम्हाला सांगितलंच न्हाई मी. त्यांची ऑटोमॅटिक गाडी टोचन लावून लातूरला माझ्या गॅरेजात आली. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गिअर स्लिप व्हायचा. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर काळं, जळका वास. मीटरवर मात्र मागच्या सर्व्हिसिंगनंतर फक्त घरी जायचे किलोमीटर वाढलेले.

"काकू, चालवतं कोण?"

"कोणीच न्हाई. हे वारल्यापासून मीच रोज सकाळी चालू करते. उभी गाडी बिघडती म्हणायचे. त्यांनी शिकवलं तेवढं करते. ब्रेक दाबून धरते, गिअर टाकते, रेस देते."

त्यानंच आतल्या क्लचच्या प्लेटा जळाल्या होत्या. प्लेटा, ऑइल बदलून दिलं अन् म्हणलं, "काकू, रेस द्यायच्या आधी ब्रेक सोडायचा असतो."

"ते उद्या शिकवतो म्हणले होते."