लाइट जायची वाट

हसा लेको, पण त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. मी आणि दादा घरीच गिटारचा अँप्लिफायर बनवत होतो, जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हवाला. तारा जोडायचा सोल्डरिंग आयर्न घ्यायला मी उस्मानचाचांच्या दुकानात गेलो. चाचांची हयात यंत्रमागांचे इलेक्ट्रिक पॅनल दुरुस्त करण्यात गेलेली.

म्हटलं, “चाचा, चार्जिंगवाला द्या. आम्ही लाइट गेल्यावरच काम करणार.”

“लाइट गेल्यावर कशाला?” चाचांनी आयर्न माझ्या हातात देत विचारलं.

“म्हणजे प्लग काढायची भानगड नाही, शॉकची भीती नाही. खुशाल आत हात घालायचा.”

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. “अरे, आतल्या कपॅसिटरमध्ये करंट भरून राहतो! लाइट गेली तरी माणूस उडेल. तो रिकामा केल्याशिवाय हात लावायचा न्हाय. आता घरी कोण हाय?”

“दादा. अँप चालू करून बसलाय. लाइट जायची वाट बघतोय.”

तेवढ्यात दुकानातला पंखा थांबला.

मी फोन लावला. दादा उचलेना. परत लावला. चाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. चौथ्यांदा दादा खेकसला, “काय रे? हात अडकलेत माझे!”

“कशात?” मी ओरडलो.

“माळ्यावरच्या पेटीत. टॉर्च सापडत नाहीये.”

“अँपला हात लावू नकोस!” असं बजावून मी फोन ठेवला. चाचांनी चार्जिंगवाला आयर्न माझ्या हातातून काढून घेतला आणि साधा, वायरचा दिला.

“हाच ने. लाइट गेली की तुम्ही दोघं गप घरी बसाल.”