साभार परत करणाऱ्या बाईंचे आभार

आदरणीय अध्यक्ष श्री. तुर्कील लुंड, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती गुन्वोरबाई सॅव्हिक, त्यांचे यजमान आणि बर्गनच्या या सभागृहात अगत्याने जमलेल्या लेखक-वाचक बंधुभगिनींनो,

गुन्वोरबाई आज संपादकपदावरून निवृत्त होत आहेत. त्यांनी घडवलेले लेखक पुढच्या रांगेत बसलेले असताना भाषणाला मी कशाला? बाईंनी माझं एकही पुस्तक छापलेलं नाही. जे पाठवलं, ते साभार परत. अध्यक्ष हसताहेत, म्हणजे त्यांचंही काहीतरी परत आलेलं दिसतंय.

तिसरी कादंबरी परत आली तेव्हा मी पार खचलो. बायकोला म्हटलं, "बास. आता लिहिणं बंद." ती म्हणाली, "बरं झालं. तळघरातला नळ केव्हाचा गळतोय." एवढ्यावर माझी साहित्यसेवा संपली.

त्याच आठवड्यात बेकरीच्या रांगेत बाई पुढेच उभ्या. आता आपली इथली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस पुन्हा भेटला की आधी 'मागच्या वेळेबद्दल आभार' म्हणायचं, मग मागची वेळ लग्नाची असो की मयताची. तोंडातून गेलंच. मग ध्यानात आलं, आमची मागची वेळ म्हणजे त्यांचा नकार! बाईही सवयीनं म्हणाल्या, "तुमचेही आभार," आणि लालबुंद झाल्या.

सावरून त्यांनी विचारलं, "नवीन काय लिहिताय?"

"काही नाही. सोडलं."

"का हो?"

"का म्हणजे? बाई, तुम्हीच तर..."

"मी कादंबरी परत केली. लिहू नका म्हटलं का? त्यातला तो फेरीबोटीवरचा आचारी दोनच पानं येतो. ती पानं मी घरी यांना मोठ्यानं वाचून दाखवली. बाकीची माणसं तुमच्यासारखी बोलतात, हा एकटाच स्वतःचं बोलतो."

"मग तसं कळवायचं होतं."

"कळवलं असतं, तर तुम्ही त्यालाच ओढूनताणून जाडजूड केला असता."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "बन घेताय की कादंबरी?"

घरी जाऊन मी आचाऱ्यावर लिहायला बसलो. तेही बाईंनी परत केलं. म्हणाल्या, "आता आचारीही तुमच्यासारखा बोलायला लागला." मी चिडलो, पुन्हा लिहिलं आणि रागारागात दुसऱ्या प्रकाशकाला दिलं. पुस्तक निघालं त्या दिवशी सहीसाठी सगळ्यात आधी कोण उभं होतं, ते सांगायला हवं का?

नवे लेखक विचारतात, नकार पचवायचा कसा? मला तो अजून पचत नाही, जेवण जात नाही. पण नाही म्हणणारं माणूस आपलं पान न् पान वाचतंय, हे त्या रांगेत कळलं आणि एकटं वाटेनासं झालं. बाई, मी लेखक राहिलो तो तुमच्यामुळे. मनापासून आभार.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं उदार मनानं क्षमा करावी. गुन्वोरबाईंनी मात्र करू नये. त्याच क्षमा करायला लागल्या, तर मी लिहायचं कुणाच्या भरवशावर?